पदकाच्या कडेला कोरलेलं नाव

हमीद,

तुला मातीत ठेवून आज अकरा दिवस झाले. माझे वडील गेले तेव्हा आमच्यात अकराव्या दिवशी काय करतात ते तू मला विचारलं होतंस, आणि सगळं ऐकून म्हणाला होतास, "म्हणजे तोवर माणूस घराच्या आसपासच असतो म्हणायचा." तुमच्यात चाळीस दिवस धरतात, असं तुझ्या थोरल्या भावानं परवा सांगितलं. मला यातलं काही कळत नाही. तू अजून भिंगारच्या पेठेत, तुझ्या मशीनच्या मागं, तोंडात टाचण्या धरून बसला आहेस आणि मान वर न करता ऐकतो आहेस, असं समजून मी हे लिहितो. तुझ्या तोंडात टाचण्या असल्या की मला बोलायला सोपं जायचं. तू मधेच काही विचारू शकत नव्हतास.

छावणीतले लोक तुझी आठवण काढतात ती तुझ्या हाताची. कोटाच्या छातीवर फिती आणि पदकं इतक्या सरळ रेषेत लावणारा शिंपी आता मिळायचा नाही, असं तुझ्या शेजारचा चहावाला सांगत होता. तुझ्या डब्याबद्दल कुणी बोललं नाही. फार थोड्यांना तो ठाऊक होता.

आपण अकरा वर्षांचे असू. तुझ्या अब्बांच्या दुकानात जुन्या लष्करी कोटांचं एक बोचकं आलं होतं, त्या पहिल्या मोठ्या लढाईहून परत आलेल्या कुणाकुणाचं. एका कोटाच्या अस्तरात चांदीचं पदक निघालं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस. मी नुकता इंग्रजी पहिलीत गेलो होतो, म्हणून तू ते घेऊन माझ्याकडे पळत आलास. मी ऐटीत राजाचं नाव वाचायला लागलो, तर तू पदक आडवं केलंस आणि त्याच्या कडेवर बोट ठेवलंस. तिथं बारीक अक्षरं होती. आधी आकडे, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण. मी एकेक अक्षर लावत गेलो आणि तोंडातून "तुकाराम" निघालं. तू पदक पुन्हा आपल्या हातात घेतलंस. मग म्हणालास, "हा तर आपल्याकडचाच कुणीतरी."

तू मराठी चौथीनंतर शाळा सोडलीस. इंग्रजीची मोठी अक्षरं तू पदकांच्या कडा वाचत वाचत शिकलास. एखादं अडलं की खडूनं टेबलावर काढून ठेवायचास आणि शनिवारी मी आलो की विचारायचास.

पुढं तोच तुझा नाद झाला. घरात अडचण आली की म्हातारे शिपाई किंवा त्यांच्या विधवा पदकं मोडायला सोनाराकडं आणत. सोनार ती मुशीत टाकायच्या आधी तुला निरोप धाडायचा, आणि तू चांदीचा भाव देऊन ती सोडवून आणायचास. तू पदकाच्या कडेवर शिंप्याचा पांढरा खडू घासायचास, वरचा वर बोटानं पुसून काढायचास, आणि झिजलेल्या अक्षरांच्या खाचांत राहिलेला खडू भिंगाखाली लख्ख दिसायचा. मग नंबर, नाव, पलटण वहीत उतरवायचं. कुठली फीत कुठल्या मोहिमेची, कुठला पट्टा रुंद आणि कुठला अरुंद, हे तर तू नुसत्या चिंधीवरून सांगायचास. शुक्रवारी नमाजानंतर सायकल काढून ज्याचं पदक त्याचं गाव शोधत निघायचास. कुणी पदक घेऊन डोळ्यांना लावलं, कुणी तुला दारातूनच वाटेला लावलं. ज्यांचं कुणीच सापडलं नाही ती पदकं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहिली, एकेक वेगळ्या चिंधीत गुंडाळलेली.

आपलं भांडण व्हायचं ते यावरूनच. मी म्हणायचो, ज्या राजानं आपल्याला पायाखाली ठेवलं त्याचं तोंड तू जपून ठेवतोस. तू म्हणायचास, "पंत, तू समोरनं बघतोस, मी कडेनं बघतो." मी म्हणायचो, समोरच्या तोंडासाठीच कडेवरचा माणूस मेला ना? यावर तू चिडायचास. "मेला म्हणून नावसुद्धा वितळवायचं का?" बेचाळीस साली हे फारच तापलं. त्या वर्षी मी एका ओळखीच्या माणसाची पत्रकं चार दिवस शाळेच्या कपाटात ठेवली होती. चार दिवस मला अन्न गेलं नाही. पाचव्या दिवशी मी ती घरच्या बंबात घालून जाळली, आणि तुझ्याकडे येऊन देशाबद्दल मोठमोठ्यानं बोललो. तू ऐकून घेतलंस. भांडणाचा निकाल मात्र लागला नाही, आणि आता लागायचा नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी जे झालं त्यातला एक भाग तुला ठाऊक नाही. तो सांगायचा तर सगळंच पहिल्यापासून सांगायला हवं. बरंचसं तुला माहीत आहे, तरी ऐक.

केडगावला माझ्या घरासमोर कोंडाबाईचं अंगण. नवरा गेलेला, मुलगी गंगू माझ्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, आणि मुलगा महादू पलटणीत. तो मलायाला गेला आणि सिंगापूर पडल्यावर त्याच्या आईला एक कागद आला. तो बेपत्ता आहे, एवढंच त्यात होतं. कागद मी वाचून दाखवला. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी कोंडाबाई तोच कागद घेऊन यायची. "मास्तर, येकदा फिरून वाचा. मागल्या टायमाला काय ऱ्हायलं आसंल." मी पुन्हा वाचायचो. काही राहिलेलं नसायचं.

लढाईच्या पाचव्या वर्षी, उन्हाळ्यात, तिच्याकडं एक माणूस आला. तिशीच्या आतला, उंच, खाकी कोट घातलेला. स्वतःला पलटणीतला जमादार म्हणवायचा. मी महादूच्याच पलटणीत होतो, आम्ही बरोबर पकडले गेलो, मी जंगलातून निसटलो, महादू जिता आहे, माझ्या साहेबामार्फत त्याला निरोप जाऊ शकतो, असं त्यानं सांगितलं. छातीवर पदक होतं. मलायात शौर्य केलं म्हणून सरकारनं दिलं, असं म्हणाला. कोंडाबाईनं त्याला ओसरीत पलंग टाकून दिला. महिन्याभरात त्यानं गंगूला मागणी घातली. विहिरीवरचा मळा होता, घरात कर्ता पुरुष नव्हता, आणि भाऊ जिता असल्याची बातमी आणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? कोंडाबाईनं मला विचारलं, "मास्तर, तुमी शिकल्यालं हाय. ह्यो मानूस खरा हाय का?" मी म्हटलं, मला काय कळणार, पदक तर खरं दिसतंय.

पदक खरंच होतं.

त्याची फीत विरली होती. लग्नात कोट घालायचा म्हणून नवी हवी होती. छावणीत तो स्वतः कधी जात नसे, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. मला म्हणाला, "मास्तर, तुमचा दोस्त शिंपी हाय म्हनं भिंगारात. येवढी फीत बदलून आना." मी शनिवारी दुपारी पदक खिशात घालून सायकलीवर तुझ्याकडं आलो.

तू ते हातात घेतलंस आणि तुझ्या तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्यास. मी समजलो की काहीतरी आहे.

"कुठल्या लढाईत मिळालं म्हणतो?"

"मलायात."

"पंत, हा राजा वारून आठ वर्षं झाली. आताच्या राजाचा हा बाप. ह्या लढाईतल्या पदकावर ह्याचं तोंड कसं येईल?" मग तू कड खडूनं घासलीस, भिंग लावलंस आणि हळूहळू वाचलंस. नंबर. नायक. दगडू भिवा. पलटणही वेगळीच.  मी म्हटलं, नीट वाच, जमादाराचंच नाव असेल. तू भिंग माझ्या हातात दिलंस.

पदक मी परत नेऊ नये, फीत आलेली नाही असं सांगावं, असं तू ठरवलंस. पेन्शनीच्या दिवशी कचेरीसमोर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना तू विचारत सुटलास. चौथ्या दिवशी तुला कळलं, नायक दगडू भिवा जिवंत आहे, पारनेर तालुक्यातल्या एका वाडीवर असतो. रविवारी आपण गेलो. वाटेभर मी म्हणत होतो, आपल्याला काय करायचंय. तू पुढं सायकल मारत होतास आणि मागं वळून बघतसुद्धा नव्हतास.

दगडूनाना बाजेवर बसले होते. एका डोळ्यात फूल पडलेलं. तू पदक त्यांच्या तळहातावर ठेवलंस तेव्हा त्यांनी ते पाहिलं नाही, अंगठ्यानं कड चाचपली. "ह्ये माजं हाय," म्हणाले. "त्या मानसाला म्यां इस्वासानं दिलं. म्हनला, कचेरीतनं आलोय, नवा राजा जुनी मेडलं बदलून देतोय. पावतीबी देतो म्हनला. पावती दिली न्हाई." पदक कशाबद्दल मिळालं, असं तू विचारलंस. सरहद्दीवर एका खिंडीत तीन जखमी माणसं पाठीवर घेऊन ते एकामागून एक खाली उतरले होते. "चौथा बी आनला हुता," म्हणाले, "पर त्यो वाटंतच ग्येला. त्याला काय कुनी मोजलं न्हाई."

त्यांनी पदक कमरेच्या चंचीत टाकलं आणि वर हात ठेवला. तू ते परत मागितलं नाहीस.

येताना आपलं वाजलं. मी म्हटलं, आता मी त्याला काय सांगू? त्याला काय दाखवू? तू म्हणालास, "सांग, हमीदनं हरवलं. मी येतो चार दिवसांत नानांना घेऊन. लग्नाआधी कोंडाबाईला सांगू." एवढंच सांगायचं होतं मला, हमीद. दोन शब्द.

सोमवारी शाळा सुटली आणि मुलं पांगली. तो पायरीवर बसला होता. हातात चाकू होता, त्यानं तो कैरी कापत होता. मला म्हणाला, बसा. मी माझ्याच शाळेच्या पायरीवर त्याच्या सांगण्यावरून बसलो.

"फीत झाली?"

"नाही."

"बिल्ला कुठंय?"

"शिंप्याकडं."

त्यानं कैरीची फोड मला दिली. मी ती घेतली, आणि खाल्ली. मग तो सावकाश बोलायला लागला. बेचाळीस साली तुमच्या शाळेच्या कपाटात काय होतं ते गावात दोघांना माहीत आहे म्हणाला. नगरच्या चौकीवर अजून त्याची चौकशी चालू आहे म्हणाला. तुमच्या मंडळींना दिवस गेलेत ना, कितवा महिना, असं विचारलं. चाकू त्यानं कैरीवरून उचलला नाही, माझ्याकडं रोखला नाही. मला दाखवायची त्याला गरजच पडली नाही.

"तुमी रविवारी पारनेरच्या वाटंनं ग्येल्ता. संगट कोन हुतं? त्या बिल्ल्यावरचं नाव कुनी वाचलं?"

मी म्हटलं, "हमीद शिंप्यानं. मला त्यातलं काही कळत नाही. मी फक्त नेऊन दिलं."

बस, एवढंच झालं. तुझं नाव, तुझा धंदा, आणि वर माझं हात झटकणं. त्यानं विचारलं, त्याच्याकडं अशी आणखी आहेत का? मी मान हलवली. हमीद, डब्याबद्दलही मीच सांगितलं.

बुधवारी तुझ्या दुकानावर लष्करी शिपाई आले. कुणीतरी बिननावाचं पत्र धाडलं होतं, भिंगारचा अमुक शिंपी चोरीची पदकं जमवतो, गेल्याच आठवड्यात त्याच्याकडं एक आलं. डबा सापडला, वही सापडली, फितींची गुंडाळी सापडली. तुला घेऊन गेले. मला हे गुरुवारी बाजाराला गेलेल्या एका गड्याकडून कळलं. मी शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावले आणि खुर्चीत बसून राहिलो. शनिवारी गंगूची हळद होती. कोंडाबाईला जाऊन सगळं सांगायला मला दोन दिवस होते, आणि मधे फक्त एक रस्ता. मी रोज दाराशी जायचो, तिथं ओसरीवर तो दिसायचा, आणि मी आत यायचो.

शनिवारी सकाळीच तुला सोडलं. कुणा म्हाताऱ्या सुभेदारानं तुझी वही पाहिली, प्रत्येक पदक कुठून आलं आणि कुणाच्या घरी परत गेलं ते त्यात होतं, असं तू नंतर सांगितलंस. तू घरी गेलाच नाहीस. दगडूनानांना बैलगाडीतून आणवून घेतलंस आणि तसाच केडगावला आलास.

मी खिडकीत होतो. अर्धी फळी लोटलेली होती, फटीतून सगळं अंगण दिसत होतं. तुझा डावा डोळा सुजून मिटला होता, ओठ फाटला होता. अंगणात पन्नास माणसं. तू टोपी नीट केलीस आणि म्हणालास, "मावशी, माझं ऐकून घ्या. मग लग्न करायचं तर करा."

जमादार पुढं आला. "ह्यो चोर हाय. मिलट्रीनं धरल्याला. त्वांड बगा त्याचं." दोन-तीन जणांनी काठ्या उचलल्या. तू जागचा हलला नाहीस.  दगडूनानांनी चंचीतून पदक काढलं. "ह्ये माजं हाय. ह्याच्यावं माजा लंबर हाय, माजं नाव हाय."

तेव्हा जमादार हसला. "इंग्रजी कुनाला येतंय हितं? मास्तरास्नी बोलवा. मास्तर सांगतील त्ये खरं."

त्यानं मलाच बोलावलं, हमीद. त्याला माझी इतकी खात्री होती.

कोंडाबाईचा चुलत दीर माझ्या दारात आला. मी बायकोला खुणेनं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना ताप आहे." तिनं ते सांगितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. आज दोन वर्षांनीसुद्धा ती तशी बघते कधी कधी, पोराला मांडीवर घेऊन.

दीर परत गेला. अंगणात गलका झाला, आणि त्यातून गंगूचा आवाज आला. "आकडं मला येत्यात. मास्तरांनीच शिकवल्यात." ती हळदीच्या पाटावरून उठून आली होती. तुझा खडू जप्त झाला होता. तिनं पदक घेतलं आणि कडेवरून बोटं फिरवली. बोटं हळदीची होती. खाचांत हळद भरली आणि आकडे पिवळे उठून आले. तू नानांना म्हणालास, "तोंड भिंतीकडं करा आणि नंबर सांगा." नाना ताठ उभे राहिले, जसे परेडीला राहिले असतील. "तीन." गंगू म्हणाली, "हाय." "शून्य." "हाय." "सात." "हाय." "येक."

गंगूनं शेवटच्या आकड्याला हाय म्हटलं नाही. तिनं जमादाराला विचारलं, "तुमचा लंबर काय?"

तो म्हणाला, पाणी पिऊन येतो. रांजणाकडं गेला, तिथून परसात, तिथून मळ्याच्या बांधाला. लोकांना कळायला उशीर झाला. ओसरीत त्याची पिशवी राहिली. तीत आणखी तीन पदकं होती, तीन वेगळ्या नावांची. कोंडाबाईनं कशालाच हात लावला नाही. ती पदराच्या गाठीतला तो जुना कागद काढून तुझ्यापुढं आली आणि म्हणाली, "मंजी माजा म्हादू जिता हाय, ह्ये बी खोटंच का?" तू तिच्या पायाशी खाली बसलास. काय बोललास ते मला ऐकू आलं नाही.

तो माणूस सापडला नाही. वर्षभर आपण दोघंही त्याची वाट बघत जगलो. तू दिवस मावळायच्या आत दुकान बंद करायला लागलास. उंच माणूस दारात आला की तुझा पाय मशीनवर थांबायचा. मी पुणे रस्त्यानं एकटा जाईनासा झालो. शाळेच्या पायरीवर कुणी बसलेलं दिसलं की माझ्या तोंडाला कैरीची आंबट चव यायची. अजून येते. पण तुझी भीती आणि माझी भीती एक नव्हती. तुला त्याची भीती होती. मला त्याची होती, आणि त्याहून जास्त तुझी. तो सापडला तर बोलेल, आणि तुला कळेल.

तू एकदा विचारलंस, "पण मी वाचलं हे त्याला कसं कळलं रे?" मी म्हटलं, कोण जाणे. महिन्याभरानं पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, गावात कुणी बोललं असेल. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस.

लढाई संपली आणि महादूचा दुसरा कागद आला. तो कैदेत आजारानं गेला होता. कोंडाबाई तुझ्या दुकानी आली, मी बरोबर होतो. तिनं विचारलं, त्याला बी बिल्ला मिळंल का, त्याच्या कडंला नाव आसंल का. तू म्हणालास, "असेल, मावशी. आलं की मी वाचून दाखवतो." पुढच्या साली गंगूचं लग्न झालं, सुप्याकडं दिली. तुला आहेराचा पटका बांधला तेव्हा तू ओशाळलास, आणि माझ्याकडं बघून म्हणालास, "ह्याचा मान पंतांचा. आकडे त्यांनी शिकवले." मी पंगतीतून उठून हात धुवायला गेलो.

तू विषमज्वरानं पडलास तेव्हा मी तीन वेळा आलो. प्रत्येक वेळी ठरवून आलो होतो. पहिल्यांदा तुझा भाऊ तिथं होता. दुसऱ्यांदा तू झोपला होतास. तिसऱ्यांदा तू जागा होतास, आपण दोघंच होतो, आणि तू म्हणालास, "पंत, वही वाच." मी नावं वाचत गेलो. तू डोळे मिटून फितींचे रंग सांगत होतास. हिरवा, मधे निळा. निळा, मधे लाल. वही संपली. मी म्हटलं, येतो. तू म्हणालास, "रस्त्यानं नीट जा."

परवा तुझ्या भावानं निरोप धाडला, म्हणून तुझ्या घरी गेलो. मधल्या खोलीत बसवलं. पडद्यामागून तुझी बायको, आमच्या भाभी, बोलल्या. वीस वर्षं मी तुझ्या घरचा चहा प्यालो, त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. म्हणाल्या, "डबा आणि वही तुम्ही न्या, मास्तरसाहेब. अजून पुष्कळ नावं पोचायची राहिलीत. ते म्हणायचे, हे काम पंतच करतील."

डबा माझ्यासमोर होता. मला त्याला हात लावता येईना. मग मी सगळं सांगितलं, जे तुला सांगायचं होतं ते. पायरी, कैरी, तुझं नाव, डबा, खिडकीची फळी. मधे कुठं थांबलो नाही. सांगून झाल्यावर मी उठायला लागलो.  

"बसा," भाभी म्हणाल्या. "चौकीत शिपाई त्यांना तीन दिवस एकच विचारत होते. ते पदक तुझ्याकडं कुणी आणलं? एवढं नाव सांग आणि घरी जा, असं म्हणत होते. दिरांबरोबर मी रोज भाकरी घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड बघितलं आणि मी पाय धरले, म्हटलं, सांगून टाका ना, कोण असेल त्याचं नाव. तर मला म्हणाले, त्याला नेलं तर त्याला ते सोसायचं नाही. तो फार घाबरतो."